पेंटरच्या ब्रशपासून फॉन्टपर्यंत, आमची वाटचाल

अण्णांचं पेंटिंगचं दुकान पंचवटीत. पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाणपोया, निवडणुकीत भिंती, सगळं ऑइल पेंटमध्ये. मग फ्लेक्स आला आणि पेंटरकडे नंबर प्लेटा तेवढ्या उरल्या. आम्हीपण मशीन घेतलं, करणार काय. पण जुनी गिऱ्हाइकं यायची आणि म्हणायची, ते कॉम्प्युटरचं अक्षर नको, अण्णांचं टाका ना. म्हटलं, मग अण्णांच्या त्या गुबगुबीत, डुलणाऱ्या अक्षराचाच फॉन्ट करू.

मराठी फॉन्ट आता भरपूर आहेत. र. कृ. जोशींचा मंगल विंडोज २००० सोबत आला, आणि 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बलू, मोदक तर फुकट मिळतात, शिवाय एक नंबर आहेत. आम्हाला फक्त आमच्या गल्लीतलं वळण हवं होतं.

खरी मजा शिरोरेषेत आहे. अण्णा पाटीवर रेघ ओढताना हात हलवतात, रेघ वरखाली होते आणि अक्षर नाचतं. फॉन्टमध्ये तसं केलं की क ची रेघ वर संपते, म ची खालून सुरू होते, मधे पायरी दिसते! मग ठरवलं, प्रत्येक अक्षराची रेघ दोन्ही टोकांना एकाच उंचीची आणि एकाच जाडीची ठेवायची, डुलायचं ते मधल्या मधे. दुसरी भानगड 'मामा', 'काका', 'नाना' ह्यांची, आणि नाशकात मिसळवाले सगळे हेच :) हाताने लिहिलेले दोन मा कधी सारखे नसतात, म्हणून जास्त लागणाऱ्या अक्षरांना दोन-दोन रूपं दिली, शेजारी तेच अक्षर आलं की दुसरं रूप आपोआप येतं. जोडाक्षरं, रफार, 'व्यापाऱ्यां'मधला ऱ्य, पोटफोड्या ष, ह्यातच सगळा वेळ गेला. इंग्रजीची कॅपिटल-स्मॉल मिळून बावन्न अक्षरं त्यापुढे किस झाड की पत्ती.

आता मिसळीचे मेनूबोर्ड, द्राक्षाच्या पेट्या, रंगपंचमीला रहाडीचे (रंग खेळायच्या हौदाचे) बॅनर, बारशाच्या पत्रिका, सगळीकडे चालतो. रेडियम कटिंगवाल्यांनी एक करा, कोरलड्रॉमध्ये मजकूर कर्व्ह करून वेल्ड मारा, म्हणजे सगळी अक्षरं जुळून एकच आकार होतो, नाहीतर शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात तिथे प्लॉटर (कापायचं मशीन) प्रत्येक जोडावर कापतो आणि म आणि न वेगळे हातात येतात.

बारीक मजकुराला घेऊ नका प्लीज. नाव आमच्या फॉन्टमध्ये, पत्ता आणि मोबाईल नंबर मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये, एवढं पाळलं की फ्लेक्स लांबूनही वाचता येतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला मात्र कोणी कितीही मागितला तरी आम्ही लावत नाही. सध्या इंग्रजी अक्षरं चालू आहेत, कारण 'स्पेशल' आणि 'फॅमिली रूम' लोकांना इंग्रजीतच हवं असतं.