गरोदरपणातील चामखिळी आणि उपचारांची निवड: माझा अनुभव

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात अंघोळ करताना योनिमार्गाच्या तोंडाशी तीन-चार खरखरीत कोंब हाताला लागले आणि पंधरा दिवसांत ते फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे वाढले. संकोचापोटी कोणालाच न सांगता मी औषधाच्या दुकानातून कुरुपावर लावायचे औषध आणले. त्यातील सॅलिसिलिक आम्लाने भोवतालची नाजूक त्वचा सोलून निघाली आणि चार दिवस लघवीच्या वेळी डोळ्यांत पाणी येत असे. ते कुठे लावणार, असे दुकानदाराने विचारले असते, तर कदाचित मी थांबले असते.

अखेर प्रसूतितज्ज्ञ बाईंना दाखवले. त्यांनी मला त्वचा व गुप्तरोग विभागात पाठवले. तेथील डॉक्टरांनी केवळ पाहूनच या गुप्तांगावरील चामखिळी असल्याचे निदान केले. मात्र सिफिलिस या गुप्तरोगातही मिळतेजुळते, पण चपटे उंचवटे येत असल्यामुळे व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी) आणि एचआयव्ही या दोन्ही चाचण्या करून घेतल्या. दोन्ही निर्दोष आल्या. अशा दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या चामखिळी लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास मुख्यतः कारणीभूत ठरणारे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे, हे ऐकून माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

घरी लावायच्या औषधांची मी बरीच माहिती वाचून गेले होते, पण पोटातील बाळामुळे ती सगळी बाद झाली. पोडोफायलिन व त्यापासून काढलेले पोडोफायलोटॉक्सिन गर्भाला अपायकारक ठरू शकते आणि इमिक्विमॉड मलम गरोदरपणात टाळतात. उरले तीन मार्ग: ट्रायक्लोरोअसेटिक आम्ल, द्रव नायट्रोजनने गोठवणे आणि विजेच्या उपकरणाने जाळून काढणे. तिसऱ्यासाठी जागा बधिर करावी लागते, म्हणून तो मी शेवटचा ठेवला.

लहान कोंबांवर दर आठवड्याला आम्लाचा थेंब लावला जाई. आधी भोवती व्हॅसलीनचा थर, मग कापसाच्या बारीक काडीने औषध. काही क्षणांत कोंब पांढराफटक पडे आणि मिरची लागावी तशी आग होई, ती थोड्या वेळाने ओसरे. सर्वांत मोठा कोंब मात्र दोनदा गोठवावा लागला आणि त्यावर आलेला फोड सुकेपर्यंत नीट बसवत नव्हते. पाच आठवड्यांत जागा स्वच्छ झाली.

या काळात नवऱ्याच्या मनातला आणि माझ्याही मनातला प्रश्न एकच होता: हे आले कोणाकडून? विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहू शकतो, त्यामुळे चामखीळ दिसण्यावरून तो कधी आणि कोणाकडून आला हे ठरवता येत नाही, असे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले. आमचा संसार त्या दहा मिनिटांनी सावरला, असे मी आजही मानते.

केवळ चामखिळी आहेत म्हणून सिझेरियन करत नाहीत. कोंबांनी वाट अडली किंवा मोठ्या रक्तस्रावाची भीती असेल तरच तो विचार होतो. माझी प्रसूती नैसर्गिक झाली. उपचार कोंब काढतो, विषाणू नव्हे, याची कल्पना मला होतीच. त्यामुळे बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा एक दाणा दिसला, तेव्हा त्याच आठवड्यात मी बाळाला सासूबाईंकडे ठेवून दवाखान्यात गेले.