उलटा भोवरा

आमच्या घरी भांग डावीकडेच. आई माझी हनुवटी चिमटीत धरायची, खोबरेल चोपडायची, फणीने रेघ ओढायची आणि वरून तळहाताने चापून द्यायची. शाळेच्या फाटकापाशी पोचेस्तोवर मागचे चार केस उभे! वर्गात मला 'तुरा' म्हणत. पुढे पाणी झालं, जेल झालं. तुरा काही बसला नाही.

परवा सलूनमध्ये मोबाईलवर एका नटाचा फोटो दाखवला आणि म्हटलं, "असं कर." पोराने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि न बोलता माझं डोकं पुढे वाकवलं. टाळूमागे बोट फिरवून म्हणाला, "काका, तुमचा भोवरा उलटा आहे."

बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्यांचे पुढचे केस आपसूक उजवीकडे पडतात, म्हणून डावा भांग बसतो. माझं नेमकं उलट. (दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणे. एकच, पण उलटा असला तर काय, हे विचारायचं राहिलं.)

नाही ते डोक्यावर घ्यायची आमची परंपराच. अभिनेत्री साधनाचं कपाळ मोठं, म्हणून १९६०च्या 'लव्ह इन सिमला'साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर झुलपं ठेवायला लावली. औषध मोठ्या कपाळावरचं, घेतलं सगळ्यांनी. आईचं कपाळ जेमतेम दोन बोटं, तरी तिनेही हौसेने साधना कट केला. त्या काळच्या तिच्या एका फोटोत भुवयाच नाहीत, आणि कुंकू कुठे आहे ते अंदाजाने समजायचं.

पोराने नटाचा फोटो बाजूला ठेवला. कल्ले आखूड केले, भोवऱ्यापाशी केस थोडे लांब सोडले. तिथे बारीक केले की ते जास्तच उठतात म्हणाला. भांग उजवीकडे. तुरा बसला! आरशात मात्र भलताच माणूस. मग लक्षात आलं, आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो, म्हणजे फोटोत मी असाच दिसत आलोय आणि दर वेळी फोटोग्राफरला नावं ठेवलीत.

घरी आलो. आईने चष्मा वर सरकवला, "भांग चुकलाय रे," म्हणाली, आणि ओल्या तळहाताने केस परत डावीकडे चापून दिले.

मागे चार केस उभे राहिलेले मला न बघताच कळले.