मॅन्युअल म्हणजे मीच

घरी बनवलेलं यंत्र ओळखायची एक खूण आहे: बनवणाऱ्याशिवाय ते कुणाला चालवता येत नाही. माझं कुंड्यांना पाणी घालणारं यंत्र घ्या. आधी चार्जर लावायचा, लाल दिवा लुकलुकायचा थांबला की मगच पंपाचं बटण. क्रम चुकला की पंप सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. "बाहेरगावी जाताना हे बंद करून जा," असं घरचे बजावतात. बनवलं होतं ते बाहेरगावी गेल्यावर कामाला यावं म्हणून!

बाजारातल्या यंत्राला अनोळखी माणसांच्या हाती पडायचं असतं, त्यामुळे बनवणाऱ्याची निम्मी मेहनत बटणं, झाकण आणि चुकीच्या वापराची काळजी यातच जाते. आम्ही हौशी लोक ही निम्मी मेहनत बिनधास्त गाळतो. वायरी बाहेर लोंबतात, डब्याला झाकण नसतं, आणि काही विचारायचं झालं तर मी घरातच असतो.

बदल्यात मिळतं ते मात्र कुठल्या खोक्यात येत नाही. ओलावा मोजणारा स्वस्त सेन्सर म्हणजे मातीत खुपसलेले धातूचे दोन पाय. माती जितकी ओली, तितकी त्यांच्यातून वीज जास्त वाहते. पण ती सतत एकाच दिशेने वाहत राहिली की विद्युत अपघटन होतं, एक पाय झिजत जातो आणि आकडे बरळू लागतात. म्हणून मोजण्यापुरतीच क्षणभर वीज द्यायची, नाहीतर सरळ कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यायचा. त्याचा धातू मातीला लागतच नाही. शाळेतलं रसायनशास्त्र असं तुळशीच्या मुळाशी भेटलं की विसरत नाही.

हे सगळं हल्ली सोपंही झालंय. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालणारं छोटं सर्किट बोर्ड, जन्माला आलं, ते इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना हाताळता यावं म्हणूनच. पहिला धडा एलईडी लुकलुकवण्याचा. पाच व्होल्टपैकी लाल एलईडी साधारण दोन घेतो, उरलेले तीन २२० ओहमच्या रेझिस्टरवर (वीज अडवणाऱ्या तुकड्यावर) सोडायचे, की जेमतेम १४ मिलीअँपिअर वाहतात आणि एलईडी जळत नाही. उपयोग शून्य. तरी पहिल्यांदा तो लुकलुकला की माणूस घरभर सगळ्यांना हाका मारत सुटतो. (येतं कुणीच नाही.)

एका ठिकाणी मात्र मी हात घालत नाही: थेट भिंतीतल्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय. २३० व्होल्टची वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) झाली की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच दबा धरून असू शकतात. तिथे मी मुकाट्याने कारागीर बोलावतो. तो झाकण काढतो, मी त्याच्या खांद्यावरून वाकून "हे काय?" विचारतो, आणि तो वर न बघता म्हणतो, "साहेब, जरा उजेड सोडा."