मॅशचा पीएच: कधी मोजायचा, कसा मोजायचा, कधी सोडून द्यायचा

घरी बिअर करताना दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवतात, तो मॅश. त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, मोजायलाच हवा का, यावर माझं मत सरळ आहे. पाण्याची क्षारता, म्हणजे आम्लाला दाद न देण्याची ताकद, ठाऊक नसेल तर नुसता मीटर बुडवून फारसं हाती लागत नाही. ती ठाऊक असेल आणि तीच कृती तशीच्या तशी पुन्हा करायची असेल, तर दर खेपेला मोजायची गरज उरत नाही. मीटर लागतो तो पाणी बदललं, माल्टचं मिश्रण बदललं किंवा बिअर वारंवार तुरट व्हायला लागली की. माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क) वापरणाऱ्यांनी तर हा विषय बाजूलाच ठेवावा. त्यांच्या स्टार्चची साखर कारखान्यातच होऊन गेलेली असते.

धान्यापासून करणाऱ्यांसाठी पट्टा ५.२ ते ५.६ चा, आणि हा आकडा थंड केलेल्या नमुन्याचा. फिकट बिअरला मी ५.३ ते ५.४ धरतो, काळ्या बिअरला ५.५ च्या आसपास. या पट्ट्यात अल्फा आणि बीटा अमायलेज ही स्टार्चची साखर करणारी दोन्ही एन्झाइम नीट काम करतात. पण पीएच बाहेर गेला म्हणजे साखरच होत नाही, असं मुळीच नाही. ५.८ वरही आयोडीनची (स्टार्च उरलंय का ते दाखवणारी) चाचणी साफ येऊ शकते, म्हणूनच पीएच चुकल्याचा पत्ता अनेकांना लागत नाही. बिघाड दिसतो तो पुढे. टरफलातलं टॅनिन (तुरट द्रव्य) जास्त उतरतं, वॉर्टचा (मॅशमधून निघणाऱ्या गोड रसाचा) रंग गडद होतो, हॉप्सचा कडवटपणा खरखरीत लागतो, उकळताना प्रथिनांचे गोळे नीट सुटत नाहीत आणि बिअर गढूळ राहते. उलट ५ च्या खाली गेलं तर स्टार्च फुटणं मंदावतं आणि चव पोकळ, आंबूस होते.

सुरुवात पाण्यापासून. पाण्याचा स्वतःचा पीएच इथे जवळजवळ निरुपयोगी. क्षारता नगण्य असलेलं ८ पीएचचं पाणी मॅशला जागचं हलवत नाही, आणि ७.२ पीएचचं पण क्षारता देणाऱ्या बायकार्बोनेटने भरलेलं पाणी मॅश ५.९ वर नेऊन ठेवतं. टीडीएस मीटरही क्षारता सांगत नाही, तो सगळे क्षार एकत्रच दाखवतो. मी मत्स्यालयासाठी मिळणारा केएचचा (क्षारता मोजायचा) संच वापरतो. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत हलवायचं आणि निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे साधारण १८ पीपीएम (दशलक्ष भागांत १८ भाग) क्षारता. पाणी १० मिली घेतलं की थेंब ९ पीपीएमचा होतो, मोजणी दुप्पट बारीक. पावसाळा-उन्हाळ्यात पाण्याचा स्रोत बदलत असेल तर ही चाचणी प्रत्येक हंगामात करावी.

घरात सॉफ्टनर असेल तर नमुना त्याच्या आधीच्या नळाचा घ्या, आणि मॅशलाही तेच पाणी वापरा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, क्षारता मात्र तशीच ठेवतो. मॅशसाठी याहून वाईट अदलाबदल शोधून सापडणार नाही, कारण कॅल्शियम हेच क्षारतेच्या विरुद्ध काम करत असतं. माल्टमधल्या फॉस्फेटशी ते जोडलं जातं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि पीएच उतरतो. जर्मनीतल्या पॉल कोलबाख यांनी १९५३ मध्ये या ओढाताणीचं गणित मांडलं. घरच्या वापरासाठी ते असं: उरलेली क्षारता म्हणजे एकूण क्षारतेतून कॅल्शियम भागिले १.४ आणि मॅग्नेशियम भागिले १.७ वजा. सगळे आकडे पीपीएममध्ये, क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. नेहमीच्या घट्टपणाच्या मॅशमध्ये उरलेली क्षारता ५०-६० पीपीएमने वाढली की पीएच सुमारे ०.१ चढतो.

आता हे प्रत्यक्ष मापात. ५ किलो फिकट माल्ट, १५ लिटर पाणी. पाण्याची क्षारता १५०, कॅल्शियम ५०, मॅग्नेशियम १०. उरलेली क्षारता १०८ च्या जवळ येते. फिकट माल्ट शुद्ध पाण्यात स्वतःहून ५.७ ते ५.८ वर थांबतं, म्हणजे हा मॅश ५.९ वर जाणार. नुसत्या ॲसिडने तो ५.४ वर ओढायचा तर ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड आठ-नऊ मिली लागेल, आणि एवढं चवीत जाणवायच्या सीमेवर येतं. त्यापेक्षा मी निम्मं पाणी आरओचं (फिल्टरने क्षार काढलेलं) घेतो. मग क्षारता ७५ वर येते. त्यात ३ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलं की कॅल्शियम १२५ च्या आसपास पोचतं, उरलेली क्षारता शून्याच्याही किंचित खाली जाते आणि मॅशचा अंदाज ५.७ वर येतो. पुढे ॲसिड ५ मिलीच्या आसपास पुरतं. ५ किलो माल्टला ०.१ ने उतरवायला सुमारे पावणेदोन मिली, हा हिशोब लक्षात ठेवला की झालं. ॲसिडऐवजी आम्लयुक्त माल्ट चालतं: एकूण धान्याच्या १ टक्का, म्हणजे इथे ५० ग्रॅम, घातलं की साधारण ०.१ चा फरक. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि हातमोजे घालून.

पिशवीत मॅश करून सगळं पाणी एकदमच घेणाऱ्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. ५ किलोला २८ लिटर पाणी म्हणजे तेवढ्याच माल्टच्या अंगावर जवळजवळ दुप्पट क्षारता. कृती तीच, पाणी तेच, तरी पीएच वर दिसतो तो यामुळे.

काळी बिअर उलट्या बाजूने अडवते. भाजलेलं माल्ट आणि कॅरामेल माल्ट स्वतःच आम्लधर्मी असतं. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या क्षारयुक्त पाण्यावर स्टाउट ही काळी बिअर जमली आणि चेक देशातल्या पिल्सेनच्या मऊ पाण्यावर फिकट लागर बिअर, त्यामागे हेच रसायन आहे. निव्वळ आरओच्या पाण्यात स्टाउट केली तर मॅश ५.२ च्या खाली घसरू शकतो. तेव्हा खाण्याचा सोडा कामाला येतो. २ ग्रॅमने ५ किलोच्या मॅशचा पीएच साधारण ०.१ चढतो. खडूची पूड वापरू नका, ती पाण्यात नीट विरघळतच नाही. माझी पसंती मात्र सोड्यालाही नाही. भाजलेलं धान्य बाजूला ठेवून मॅशच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घातलं की प्रश्नच मिटतो.

‘पीएच ५.२ वर धरून ठेवणारी’ म्हणून तयार पावडर मिळते. ती फॉस्फेटची असते, आणि फॉस्फेटची पीएच धरून ठेवायची ताकद २ आणि ७ पीएचच्या आसपास असते, ५.२ ला ती जवळजवळ नसतेच. पैसे वाचवा.

मोजणी. माल्ट ओतून गुठळ्या मोडल्या, चांगलं ढवळलं, की दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. त्याआधीचा आकडा भरवशाचा नसतो, क्षार आणि माल्ट यांचं जुळायचं असतं. मग मधल्या भागातून दोन-तीन चमचे पातळ वॉर्ट, टरफलं टाळून, स्टीलच्या छोट्या वाटीत घ्यायचं. वाटी गार पाण्यात धरून फिरवली की मिनिटभरात वॉर्ट २५ अंशांवर येतं. ते तसंच गरम मोजायचा मोह टाळा. ६५ अंशांना खरा पीएच सुमारे ०.३ ने कमी असतो आणि वर सांगितलेला पट्टा थंड नमुन्याचा आहे. मीटरवर तापमानाची आपोआप दुरुस्ती लिहिलेली असते म्हणून लोक फसतात. ती दुरुस्ती इलेक्ट्रोडच्या वागण्याची आहे, वॉर्टच्या रसायनाची नाही. शिवाय गरम वॉर्टमध्ये बुडवलेल्या इलेक्ट्रोडची काच लवकर मरते.

इलेक्ट्रोड शुद्ध पाण्याने धुवायचा, कागदाने टिपायचा, घासायचा नाही. नमुन्यात हलकेच फिरवून आकडा स्थिर व्हायची वाट पाहायची. मीटर घेताना दाखवतो किती यापेक्षा अचूक किती हे पाहा. दोन दशांश दाखवणारा पण ±०.१ अचूकतेचा मीटर या कामाला लंगडा आहे. ±०.०२ चा घ्यावा. ज्या दिवशी मॅश, त्याच दिवशी आधी ७.०१ आणि मग ४.०१ च्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) जुळवून घ्यायचा. बफर बाटलीतून थोडं ओतून वापरायचं, वापरलेलं परत बाटलीत टाकायचं नाही. जुळवल्यानंतर लगेच ७ च्या बफरमध्ये ६.८५ दिसत असेल किंवा आकडा दोन मिनिटं सरकतच राहत असेल, तर सहसा इलेक्ट्रोडवर प्रथिनांचा थर बसलेला असतो. इलेक्ट्रोड साफ करायच्या द्रावणात तो भिजवून पुन्हा जुळवावा. तरी सुधारला नाही तर बदलावा, वर्ष-दोन वर्षं हेच त्याचं आयुष्य. ठेवताना पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, कधीही शुद्ध पाण्यात नाही आणि कोरडा तर नाहीच. हे सगळं सांभाळायची तयारी नसेल तर मीटर न घेतलेला बरा. चुकीच्या आकड्यावर ॲसिड ओतण्यापेक्षा गणितावर विसंबणं कमी धोक्याचं. कागदी पट्ट्या मी वापरत नाही, वॉर्टचा तपकिरी रंगच त्यांच्यावर चढतो.

आकडा ५.५ आला आणि हवा होता ५.४, तर काहीही करू नका. ५.७ आला तर हिशोबाने निघालेल्या ॲसिडच्या निम्मं घाला, ढवळा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. मी म्हणूनच ठरवलेल्या ॲसिडपैकी तीन चतुर्थांश आधी घालतो, उरलेलं वाटीत. हल्लीच्या माल्टचं बरंचसं स्टार्च पहिल्या वीस मिनिटांतच फुटतं, त्यामुळे अर्ध्या तासानंतर केलेली दुरुस्ती साखरेसाठी उशिराची ठरते. रंग आणि तुरटपणासाठी ती अजून उपयोगी असते, आणि लिहून ठेवलेला आकडा पुढच्या खेपेचं ॲसिड ठरवतो.

तुरटपणाचा खरा धोका मॅशनंतर उरलेली साखर काढायला धान्य गरम पाण्याने धुताना असतो. माल्टची आम्लता निघून जाते, पाण्याची क्षारता उरते आणि पीएच चढायला लागतो. धुण्याच्या पाण्यालाही ॲसिड लावून ते ५.५ ते ६ वर आणावं आणि ७७ अंशांच्या पुढे तापवू नये. शेवटी येणाऱ्या वॉर्टचा थंड नमुना ५.८ च्या वर गेला किंवा घनता १.०१० च्या खाली आली की नळ बंद करावा. भांड्यात दोन लिटर कमी भरले तर वरून साधं पाणी घालावं.