तेराव्या शतकातली गाय

आठवीत मध्ययुगीन युरोप शिकवायला घेतल्यावर आमच्या इतिहासाच्या बाईंनी पाठ्यपुस्तक मिटून लॉरा एमी श्लिट्झ यांचे ‘गुड मास्टर्स! स्वीट लेडीज!’ हे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक वर्गात आणले. इसवी सन १२५५ मधल्या इंग्लंडातील एका जहागिरीच्या गावातली मुले त्यात एकेक करून आपापली हकिगत सांगतात. लेखिका शाळेत ग्रंथपाल होत्या आणि मध्ययुग अभ्यासणाऱ्या मुलांपैकी कोणाच्याही वाट्याला दुय्यम भूमिका येऊ नये, म्हणून त्यांनी ही स्वगते लिहिली. २००८ साली त्यांना बालसाहित्यासाठीचे अमेरिकेतले न्यूबेरी पदक मिळाले.

मला रानडुकराच्या शिकारीला जाणारा जहागीरदाराचा पुतण्या व्हायचे होते. वाट्याला आली भूदासाची, म्हणजे जहागिरीच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याची, मुलगी मॉग, आणि मी दोन दिवस रुसून बसले.

भूदास वारला की त्याच्या घरचे सर्वांत चांगले जनावर जहागीरदाराच्या मालकीचे होई, हा नियम पाठ्यपुस्तकात ‘सरंजामी करभार’ एवढ्या दोन शब्दांत उरकला होता. बाप गेलाच आहे आणि आता गोठ्यातली गायही जाणार, हे मॉगच्या तोंडून बोलताना मात्र त्या दोन शब्दांचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. नांगऱ्या मुलाचे स्वगत झाल्यावर बाईंनी फळ्यावर तीन शेते काढली: एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे जव आणि वाटाणे, तिसरे पडीक, दर वर्षी पाळी बदलायची.

पुढे आम्हाला स्वतःच एक स्वगत लिहायला सांगितले. माझी गुराखीण संध्याकाळी चुलीत भाजलेला बटाटा खात होती. बाईंनी ‘बटाटा’वर लाल रेघ मारून समासात लिहिले, ‘अमेरिकेहून यायला अजून तीनशे वर्षे आहेत, तोवर हिने काय खावे?’ ग्रंथालयात दोन मधल्या सुट्ट्या घालवून मी उत्तर आणले: जव आणि वाटाणे शिजवून केलेली दाट पेज, जोडीला जाडेभरडे पाव.

मध्ययुगावरच्या पुष्कळ बालकादंबऱ्यांत आजचीच मुलगी जुना झगा घालून बंड करत असते, असे माझे मत आहे, आणि ते बाईंच्या एका प्रश्नामुळे झाले. प्रत्येक स्वगतानंतर त्या विचारत, ‘हिचे कपडे तेव्हाचे आहेत, विचारही तेव्हाचे आहेत का?’ माझ्या गुराखिणीला शाळेत जायचे होते. बाईंनी ते वाक्य खोडले नाही, फक्त त्याखाली पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले.