आमचे सेन्सर शेजारच्या कांद्यात

गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, पन्नासेक दिवस झाले होते, बाग पानांनी गच्च. निफाड तालुक्यातल्या त्या अडीच एकर द्राक्षबागेत आम्ही चौदा सेन्सर टांगले होते. पान किती वेळ ओलं राहतं ते मोजायचं, म्हणजे द्राक्षावरच्या डावणी रोगाचा अंदाज येतो. फवारणीला अडचण झाली की मजूर ते काढून दुसऱ्याच ओळीत अडकवतात, म्हणून प्रत्येकाने आपला ठावठिकाणा आपणच कळवायचा, अशी सोय होती.

सकाळी बागेचे मालक तात्या यांनी मोबाइल पुढे केला. "साहेब, माझी यंत्रं शेजाऱ्याच्या कांद्यात काय करताहेत?"

नकाशावर आठ ठिपके बागेत, सहा रस्त्यापलीकडे. बागेत जाऊन पाहिलं तर चौदाच्या चौदा जागेवर.

जीपीएस प्रत्येकात नव्हता. चालू असताना तो वीस-तीस मिलिअँपिअर ओढतो, आणि आमचा सेन्सर झोपेत काही मायक्रोअँपिअरवर भागवतो. पेन्सिल सेलवर हंगाम काढायचा तर ही चैन परवडत नाही. म्हणून जीपीएस फक्त तीन खांबांवर. सेन्सर त्या खांबांकडून येणारा ८६५ मेगाहर्ट्झचा रेडिओ सिग्नल किती क्षीण झालाय त्यावरून अंतर ताडतात. सिग्नलला लागलेला वेळ मोजणं आणखी नेमकं, पण रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. स्वस्तातल्या घड्याळाला ते कुठलं झेपायला!

पहिला संशय दवावर. ओली पानं सिग्नल खातात, मग सेन्सर आहे त्याहून लांब वाटतो. टेप धरला: अंतर ४० मीटर, सेन्सर म्हणतो ४६. ऊन चढलं तसा ४३ वर आला. पण दव कुणाला रस्ता ओलांडायला लावत नाही.

दोन तास वायरी तपासण्यात गेले. शेवटी बांधावर बसून काडीने मातीत तीन खांब काढले, प्रत्येकाभोवती सेन्सरच्या अंतराएवढं वर्तुळ ओढलं, आणि कपाळाला हात लावला. तिन्ही खांब रस्त्याकडेला, एका रेषेत! खड्डे खणायला तिथेच सोपं गेलं होतं, आणि ती जागा मीच दाखवली होती. वर्तुळं दोन ठिकाणी छेदत होती, एक बागेत, एक बरोबर तेवढ्याच अंतरावर कांद्यात. खरी जागा कुठली, हे गणिताला कळायला मार्गच नव्हता. सिग्नलमधला थोडासा गोंधळ ज्याला जिकडे ढकलेल तिकडे तो गेला.

मधला खांब उपटून आम्ही मागच्या कोपऱ्यात, विहिरीजवळ रोवला. दुपारी चारला सगळे ठिपके बागेत परतले.

तरी पाच-सहा मीटरचा फरक राहिलाच. ओळी नऊ फुटांवर, म्हणजे दोन ओळींची चूक. तात्या काही बोलले नाहीत. घरातून लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि वेलींच्या ज्या ज्या लोखंडी अँगलवर सेन्सर होता तिथे ओळीचा नंबर टाकत निघाले.