पाटलाची शिकार, माझी हमाली

"तुला काही मारायचं नाहीये. तुला फक्त उचलायचंय."

पाटलानं आमंत्रण दिलं ते या शब्दांत. पाटील म्हणजे आडनावाचा पाटील नव्हे. गडी मूळचा अमेरिकेतल्या मोंटानाचा. घरी गुरं, मोप जमीन आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडायची सवय, म्हणून ऑफिसात मीच त्याला ते नाव पाडलं. अर्थ समजावून सांगितल्यापासून तो फोनवर स्वतःच "पॅटील बोलतोय" म्हणतो.

शिकारीचा परवाना त्याचा, रायफल त्याची, तंबू त्याचा. माझ्याकडे डेन्व्हरमध्ये घेतलेले नवे बूट, नुकत्याच झालेल्या दिवाळीतला उरलेला फराळ आणि फुकटची उत्सुकता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्याकडं ह्यासाठी तुरुंगात घालतात ना रे?" घालतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या पिढीला शिकार ठाऊक आहे ती फक्त बातम्यांतून आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यातल्या भिंतींवरून. इथे मात्र एल्कची शिकार म्हणजे मोसम, परवाना, नियमांचं जाड पुस्तक आणि शेवटी वर्षभराचं मटण.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या घराण्यातला, पण आणखी दांडगा. काश्मीरचा हंगुल त्याचा जवळचा भाऊबंद. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे सहज जातो. आम्ही होतो त्या कोलोरॅडो राज्यात आज अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इथून जवळजवळ संपलेच होते. बाजारात विकायला बेसुमार मारले गेले. मग वायोमिंगहून आणून पुन्हा सोडावे लागले. बंदुका आणि काडतुसांवर खास कर आहे, रायफलींवर ११ टक्के, आणि १९३७च्या कायद्यापासून तो पैसा राज्यांकडे वन्यजीवांच्या कामासाठी जातो. पाटील हे गाडी चालवताना तीनदा सांगतो. मी तीनदा मान डोलावतो. पूर्ण पटलंय असं नाही, पण गाडी त्याची होती.

ऑक्टोबरचा शेवट. डेन्व्हरहून पश्चिमेला, मग रायफल नावाच्या गावातून (हो, गावाचंच नाव रायफल) उत्तरेला मीकर, आणि तिथून व्हाइट नदीच्या काठानं वर ट्रॅपर्स लेकच्या बाजूला. फ्लॅट टॉप्स म्हणतात त्या मुलखाला, आणि नाव अगदी चपखल आहे. वर सपाट पठार, कडेला काळे उभे कडे, पायथ्याशी जंगल. आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा थरावर थर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा क्षणभर वाटलं, कोणीतरी महाबळेश्वरची बाजू उचलून बर्फात आणून ठेवली आहे. आमचा तळ २,९०० मीटरच्या आसपास. कळसूबाईच्या डोक्यावर सिंहगड रचला की भरेल एवढी उंची. पहिल्या रात्री माझं डोकं असं ठणकलं की उचलायला आलेल्यालाच उचलून न्यावं लागतंय की काय असं वाटलं.

या ट्रॅपर्स लेक तळ्याची एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या खांद्यांशी संबंधित आहे. १९१९ साली वनखात्यानं आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला इथे पाठवलं, तळ्याभोवती उन्हाळी बंगल्यांचे प्लॉट आखायला. त्यानं पाहणी केली आणि वर कळवलं की इथे काहीच बांधू नका, आहे तसं राहू द्या. खात्यानं ऐकलं. पुढे १९६४ साली देशात अशा रानांसाठी कायदा झाला आणि १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्सही त्यात आलं. त्या कायद्यानं आत इंजिन चालत नाही. इंजिन सोडा, चाकसुद्धा चालत नाही. सायकल नाही, ढकलगाडी नाही. घोडा चालतो, पण पाटलाचे घोडे मोंटानात. म्हणजे आत जे पडेल ते पाठीवर येणार. कारहार्टसाहेबांबद्दल मला आदर आहे. चौथ्या दिवशी तो जरा कमी झाला होता.

नियमाप्रमाणे शिकाऱ्याच्या अंगावर, कमरेच्या वर, ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं, डोक्यावरसुद्धा. मी शिकारी नसलो तरी पाटलानं मलाही ते चढवलं, कारण बाकीच्या रायफलवाल्यांना आपण माणूस दिसणं बरं. एल्कला नारिंगी रंग वेगळा ओळखू येत नाही. पहाटे पाच वाजता हेडलॅम्प लावून, भगव्या टोप्या घालून, एकामागे एक चढताना आम्ही वारीतून चुकलेले दोन वारकरी दिसत असणार.

पहिला दिवस नुसता चालण्यात गेला. जंगलाचा मोठा पट्टा २००२च्या वणव्यात जळालेला. काही झाडं अजून उभी, बाकीची आडवी, एकावर एक, काड्यापेटी सांडल्यासारखी. पाय उचल, पलीकडे टाक, पुन्हा उचल. सप्टेंबरात माजावर आलेले नर ओरडतात तो आवाज पाटलानं मला गाडीत मोबाइलवर ऐकवला होता. बिजागरी करकरावी तशी सुरुवात, मग चढत जाणारी शीळ, आणि शेवटी घशातली घुरघुर. मी तीच ऐकायला कान टवकारून बसलो होतो. पण माज संपलेला. या दिवसांत मोठे नर थकून, एकटेदुकटे दाट सूचिपर्णीत दडून राहतात आणि हूं की चूं करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चूक माझी. सकाळी एका घळीच्या तोंडाशी बसलो होतो, समोर बारा-तेरा माद्या चरत उतरत होत्या. पाटील दुर्बिणीतून त्यांच्यामागे नर आहे का ते शोधत होता. मला भूक लागली. खिशातून चिवड्याची पिशवी काढली. प्लास्टिक कुरकुरलं, एवढंच. तेरा माना एकदम वर झाल्या, आणि पुढच्या क्षणी तिथे फक्त गवत होतं. पाटील काही बोलला नाही. त्यानं हात पुढे केला, चिवडा घेतला आणि सगळा खाऊन टाकला. तिथून पुढे शंकरपाळे कापडी रुमालात.

वाऱ्याचं त्याचं वेड मात्र मला आवडलं. त्याच्या गळ्यात पांढऱ्या पुडीची एक छोटी बाटली असते. दर दहा मिनिटांनी ती दाबायची आणि धुरळा कुठे जातो ते बघायचं. आमचे आजोबा खळ्यावर उफणणीला उभे राहिले की असंच करायचे. चिमूटभर भुसा बोटांतून सोडायचे आणि तो कुठे जातो ते बघून मगच पाटी उचलायचे. पाटलाला हे सांगितलं तर त्यानं आजोबांबद्दल तासभर प्रश्न विचारले. डोंगरातला वारा दिवसातून दोनदा फिरतो. सकाळी गार हवा उतारानं खाली ओघळते, ऊन तापलं की वर चढते, सावली पडली की पुन्हा खाली. ज्याला हे कळत नाही त्याचा वास एल्कला आधी पोचतो, आणि मग दिसतो तो फक्त पांढुरका पार्श्वभाग. शॉनी या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचा एल्कसाठीचा शब्द 'वापिटी', त्याचा अर्थच तो.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ऊन कड्याआड गेलं. आम्ही एका लांबट कुरणाच्या खालच्या टोकाला पडलेल्या खोडामागे बसलो होतो. गालावर गार झुळूक आली, वरून खाली. आणि तिच्याबरोबर वास. आधी कळेना, मग एकदम ओळख पटली. पावसाळ्यात बंद ठेवलेला गोठा. मूत, ओलं गवत आणि भिजलेली घोंगडी. मी पाटलाच्या बाहीला धरलं आणि कुजबुजलो, "गोठा." त्याला शब्द कळला नाही, पण त्यानंही नाक वर केलं आणि रायफल खोडावर टेकवली.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. बोटं बधिर. मग झाडांच्या काळ्या कडेतून आधी शिंगं आली, फांद्या चालत याव्यात तशी. पाटील पुटपुटत मोजत होता. इथे एका बाजूला निदान चार टोकं नसली, आणि कपाळावरचं टोकही पाच इंच नसलं, तर नर सोडून द्यायचा. ह्याला पाच होती. तो थांबला, गवताला तोंड लावलं, पुन्हा चालला. मी मनात काय म्हणत होतो ते आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, मी म्हणत होतो, जा बाबा आत. आणि त्याच वेळी, थांब. दोन्ही.

तो वळला, कूस आमच्याकडे. आवाज झाला, कडा तो आवाज बराच वेळ परत देत राहिला. एल्क दचकलासुद्धा नाही. तीस-चाळीस पावलं चालला, उभा राहिला, मागचे पाय थोडे फाकवले, आणि बसल्यासारखा पडला. पाटलानं अर्धा तास मला हलू दिलं नाही. जवळ गेलो तेव्हा त्यानं टोपी काढली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

मग परवान्याच्या टॅगवर सही, तारीख. मग सुऱ्या. पोट न फाडता वरच्या बाजूनं कातडं सोलायचं, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीच्या कण्याजवळची लांब पट्टी, मानेचं मांस, मग दोघांनी मिळून पालथा करायचा आणि दुसरी बाजू. हेडलॅम्पच्या उजेडात वाफा निघत होत्या. माझे गोठलेले हात त्या मांसावर गरम झाले, हे मला अजून आठवतं. एका मांडीला नरपणाचा पुरावा चिकटलेला ठेवावा लागतो, तोही कायदा. तो पुरावा नेमका माझ्या वाट्याला आला. सुती पिशव्यांत सगळं भरून, अस्वलं अजून झोपली नसल्यानं सांगाड्यापासून लांब नेऊन झाडाला टांगलं आणि एकेक मांडी पाठीवर घेऊन निघालो.

तीसेक किलो. गावाकडं पोरं पन्नास किलोचं पोतं हसत उचलतात, पण ते पोतं सरळ असतं. एल्कची मांडी पाठीवर डुलते. तुम्ही डावीकडे, ती उजवीकडे. गाडीपर्यंत पाच किलोमीटर, त्यातले दोन आडव्या खोडांचे. प्रत्येक खोडावर आधी बसायचं, एक पाय पलीकडे, मग दुसरा, मग उठायचं. उठणं हेच कठीण. मी खोडं मोजायला लागलो. एकशे चौदानंतर मोजणं सोडलं. वाटेत मी एकदाच विचारलं, "ढकलगाडी?" पाटील म्हणाला, "कारहार्ट." आणि दोघंही त्या अंधारात खोडावर बसून पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या खेपा. त्याच्या दोन, माझी एक. झाडाखाली राखाडी रंगाचे धीट पक्षी आधीच हजर होते, पिशवीच्या भोकातून चरबी टिपत. इथले लोक त्यांना 'कॅम्प रॉबर' म्हणतात. पिणार म्हणून ठेवलेलं पाणी गोठून दगड. बाटली उलटी ठेवावी लागते, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि झाकण मोकळं राहतं. हे मला चौथ्या दिवशी कळलं.

डोकं तपासणीला दिलं. इथल्या हरणांत आणि एल्कमध्ये मेंदू पोखरणारा एक आजार आहे, पहिल्यांदा लक्षात आला तो याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला, १९६७ साली. निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये असा सल्ला असतो. माझ्या वाट्याचे वीस किलो तोवर फ्रीझरमध्ये पडून. निकाल चांगला आला, मग रस्सा केला. पहिल्यांदा चामडं झालं, कारण या मांसात चरबी नावाला नाही. दुसऱ्यांदा रात्रभर दह्यात ठेवलं, खोबरं-तीळ जास्त घातले आणि मंद आचेवर तीन तास ठेवलं. पाटील चार भाकऱ्या खाऊन गेला.

जाताना त्यानं खिशातून रुमाल काढला आणि त्यातून दोन दात काढून माझ्या हातावर ठेवले. एल्कच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात, सुपारीच्या खांडाएवढे, गुळगुळीत, कडेला तपकिरी. शिकारी ते जपून ठेवतात. "तुझी हमाली," तो म्हणाला.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले. तिनं चष्मा वर करून बघितले, कुठल्या जनावराचे ते दोनदा विचारलं, आणि म्हणाली, "असू देत. पण देवघरात ठेवू नकोस."